सड्यावरची दीपकाडी

चि. ओंकार यास,

अनेक आशीर्वाद.

काल आपल्या वरच्या सड्यावर दीपकाडी फुललेली पाहिली. तू पुढच्या उन्हाळ्यात सुरुंग लावून हापूसच्या कलमांसाठी खड्डे मारायचे म्हणतोयस, त्याच कातळावर. फोनवर हे धड बोलणं व्हायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी गेले होते देवगांडुळं, म्हणजे गांडुळासारखे दिसणारे बिनपायाचे उभयचर, आणि पाली यांच्या पाहणीला. पाऊस सुरू झाला की हे जीव सुट्या दगडांखाली सापडतात. दगड आकड्यानेच उचलायचा, कारण खाली फुरसंही असू शकतं. नोंद झाली की तो होता तसाच परत ठेवायचा, नाहीतर खालच्या जीवाचं घर मोडतं. तसाच एक दगड ठेवताना शेजारच्या भेगेत हातभर उंच दांडा दिसला, त्यावर लांबट पांढरी फुलं. मी तिथेच बसले. नजर सरावल्यावर पलीकडच्या भेगेतही दिसली, मग त्याच्या पुढच्या. इतकी वर्षं सडे तुडवतेय, पण आपल्या स्वतःच्या जमिनीत ती असेल असं कधी मनात आलं नव्हतं. डोळे भरून आले रे.

निकोल डाल्झेलने १८५० मध्ये शास्त्रात तिची पहिली नोंद केली. तिचं शास्त्रीय नाव डिपकाडी कोंकणेन्से. कोकणातले जांभ्याचे सडे हेच तिचं मुख्य घर. वर्षातला बराच काळ तिचा कांदा भेगेतल्या मूठभर मातीत निजलेला असतो, वर वैशाखात कातळ पाय ठेववणार नाही इतका तापलेला. मृग बरसला की पान, मग फूल, मग बी, आणि पावसाळा सरता सरता पुन्हा वर काहीही उरत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात जमीन बघायला येणाऱ्याला सडा ओसाड वाटतो. श्रावण-भाद्रपदात ये, सीतेची आसवं आणि गेंद यांच्या फुलांनी तो भरून गेलेला असतो.

तू म्हणालास, सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलंय. पिकाच्या दृष्टीने ते खरं आहे. पण सुरुंगाने भेग फुटली आणि वर बाहेरून आणलेली माती पडली की दीपकाडीची जागाच संपते, देवगांडुळांचीही. आणि आपली विहीर? सड्यावर पडणारं पाणी जांभ्यातून झिरपत खाली येतं. खालच्या पऱ्याला, त्या लहानशा ओढ्याला, दिवाळीनंतरही ओल असते ती त्यामुळेच.

कलमांना माझा विरोध नाही. मुंबईच्या घराचे हप्ते तुला किती जड जातात हे मला कळतं, बागेचं उत्पन्न हवंच. खालच्या उताराला माती आहे, तिथे लाव. काजूही चांगला येईल. झाडं कमी बसतील, हे मान्य. पण वरचा कातळ सोड. त्यातला अर्धा राखून अर्धा फोडायचा असंही नको, कारण फूल नसताना कांदे कुठे निजलेत हे तुला किंवा सुरुंगवाल्याला दिसणार नाही.

फोटो पाठवलेत. मित्रांना दाखव, पण गावाचं नाव, वाडीचं नाव सांगू नकोस. दुर्मीळ म्हटलं की कांदे उपटून नेणारे निघतात.

गणपतीला येशीलच, पण तोवर फुलं सरतील. त्याआधी एखाद्या शनिवारी ये. बूट जाड तळव्याचे आण. खुंट्या मारून हद्द आखून घेऊ, आणि मगच ठेकेदाराला काय ते कळव. इसार अजून दिला नसशील तर थांब. काकांशीही बोल, सातबाऱ्यावर त्यांचंही नाव आहे.

तुझी,
आई