तबला माळ्यावरून खाली काढलाय

प्रिय चिऊ,

समोरासमोर बोलायला गेलो की मी आवाज चढवतो आणि तू दार लावून घेतेस, म्हणून लिहितोय. काल छत्री शोधायला माळ्यावर चढलो तर तुझा तबला-डग्गा दिसला, खोळ घातलेली, वरून आजीची जुनी चादर गुंडाळलेली, खाली ठेवायच्या चुंबळी वेगळ्या पिशवीत, हातोडीसुद्धा फडक्यात बांधून. रागाच्या भरात ठेवलेली वस्तू कोणी अशी ठेवत नाही गं. खाली उतरलो आणि किचनमध्ये बराच वेळ नुसता उभा होतो.

"दहावीचं वर्ष आहे, तबला एक वर्ष बंद" हे मीच बोललो होतो. दहावीच्या क्लासच्या पालक मीटिंगमध्ये सांगितलं की या वर्षी बाकीचं सगळं बंद करा, आणि मी घरी येऊन तेच तुला ऐकवलं, तुला विचारलंही नाही. ते मी मागे घेतोय. चुकलं माझं.

खरं तर तुला तबल्याला घातलं तेव्हाही माझ्या डोक्यात भलतीच कारणं होती. तू आईच्या पोटात असताना कोणीतरी मोझार्टची सीडी दिलेली, बाळ हुशार होतं म्हणून, आणि आम्ही ती रोज लावायचो. नंतर वाचलं तेव्हा कळलं की १९९३ चा तो मूळ प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता, दहा मिनिटं संगीत ऐकवून लगेच एक आकृत्यांची चाचणी घेतलेली, आणि जो काही फरक पडला तो दहा-पंधरा मिनिटांत गेला. बाळांचा तिथे काही संबंधच नव्हता. मग तू तिसरीत गेलीस आणि ऑफिसात कोणीतरी म्हणालं की गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा दिल्या की दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून नौपाड्यात सरांकडे नाव घातलं. प्रारंभिकपासून मध्यमा प्रथमपर्यंत तू एकेक परीक्षा देत गेलीस आणि मी प्रत्येक सर्टिफिकेट फाइलला लावत गेलो, दहावीला लागेल म्हणून.

परवा रात्री झोप येईना म्हणून परत शोधून वाचत बसलो. २००४ मध्ये टोरंटोला ग्लेन शेलेनबर्ग नावाच्या संशोधकाने सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले, एकाला कीबोर्ड, एकाला गाणं, एकाला नाटक आणि एकाला काहीच नाही. वर्षभराने संगीतवाल्यांचा आयक्यू सरासरी ७ ने वाढला आणि बाकीच्यांचा ४.३ ने. म्हणजे फरक आहे पण लहान आहे, आणि नंतरच्या काही संशोधकांनी तर असे सगळे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की नीट काटेकोर तुलना केली तर तोही फरक जवळजवळ उरत नाही. तेव्हा तबल्याने मार्क वाढतात असं मी तुला छातीठोकपणे सांगणार नाही. पण सात वर्षं मी जे घरात बघितलंय ते मला माहीत आहे, आणि ते कुठल्या आयक्यूच्या आकड्यात बसणारं नाही.

तुला आठवत नसेल, तिसरीत तू गणित चुकलं की पान टराटरा फाडायचीस. वहीत निम्मी पानं शिल्लक नसायची. मग सरांनी तो पहिला कायदा, म्हणजे वाढवत न्यायची बोलांची रचना, दिला आणि त्यातला 'तिट' हा बोल तुझा अडकायला लागला, बोट जागेवर पडेचना. सरांनी तीन आठवडे तेवढंच वाजवून घेतलं, सावकाश, एकदम बराबरीत, दुगुन म्हणजे दुप्पट वेग करायचाच नाही म्हणाले. मला तर वाटायचं फी कशाची देतोय आपण. तू रडलीस, एकदा डग्ग्याला लाथही मारलीस आणि मग त्याच्या पाया पडलीस. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो बोल सुटला, तू हाक मारलीस "बाबा ऐका", आणि सलग वीसेक वेळा वाजवलंस. त्यानंतर कधीतरी पानं फाडणं थांबलं. पाचवीत अपूर्णांक चुकले तेव्हा तू स्वतःशीच म्हणालीस, "थांब, परत सावकाश करते." मी शेजारी पेपर वाचत होतो, माझं वाचणंच थांबलं. हे तुला कुठल्या ट्यूशनमध्ये शिकवलेलं नव्हतं, आजही तू इंग्रजीचा अवघड पॅराग्राफ तसाच वाचतेस, आधी संथ, अडलं तिथेच परत, मग वेगात.

आणि ती तिहाईची गंमत, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची. जूनमध्ये बीजगणिताचा पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे, तू डायनिंग टेबलवर बसून वैतागली होतीस. मग वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, बाबा तीनतालात समेपासून तिहाई उचलली आणि पुढच्या समेवर संपवायची तर सोळा अधिक ती सम धरून सतरा मात्रा, तुकडा तीनदा येणार आणि मधली जागा दोनदा, म्हणजे ३क्ष + २य = १७. मग पटापट लिहिलंस, पाचचा तुकडा आणि एक मात्रा जागा, तीनचा आणि चार, एकचा आणि सात. तिन्ही हातावर म्हणून दाखवलेस, तिन्ही वेळा धा बरोबर समेवर. आई भाकऱ्या थापायची थांबून बघत होती. लगेच दहा मात्रांच्या झपतालाचं केलंस, ३क्ष + २य = ११. एका समीकरणाला इतकी उत्तरं कशी असतात हे मला माझ्या दहावीत कधी कळलंच नव्हतं गं, मी फक्त पाठ केलं होतं. आणि त्यानंतर दोन आठवड्यांत मी तुझा तबला बंद केला.

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं तर मी तुला कधी बोललोच नाही. गेल्या वर्षी ती सहावीतली मुलगी गात होती आणि मध्येच ताल चुकली, पार गोंधळली, पेटीवाले काकाही तिच्याकडे बघायला लागले. तू सगळी कलाकुसर सोडलीस, साधा ठेका धरलास, डोळे तिच्यावर, आणि प्रत्येक समेचा धा जरासा उठवून देत राहिलीस, तालाची तीन आवर्तनं, चौथ्याला ती गाण्याच्या मुखड्यावर आली. टाळ्या तिला पडल्या आणि तू डग्ग्यावरची पावडर पुसत होतीस. एवढं ऐकता येणं, दुसऱ्याला सांभाळून घेता येणं, मला या वयात ऑफिसात जमत नाही.

समोरच्या आजींनी काल लिफ्टमध्ये विचारलं, साडेसातला तबला वाजत नाही हल्ली, पोरगी बरी आहे ना. मला उत्तर देता आलं नाही.

तर आता असं ठरवू. सरांशी मी बोललोय, तबल्याचा क्लास आठवड्यातून एकच दिवस, रविवारी सकाळी, परीक्षेचं या वर्षी काही नाही, मध्यमा पूर्ण पुढच्या वर्षी द्यायची की नाही ते तू ठरव. रोज अर्धा तास वाजव, प्रिलिमच्या दिवसांतही, मी कटकट करणार नाही आणि क्लासवाल्यांना काय सांगायचं ते माझं मी बघतो. तबला खाली काढून तुझ्या खोलीत ठेवलाय. पावसाने पुडी, म्हणजे वरचं चामडं, उतरलीये, मी हातोडीने ठोकून बघितला पण मला काही तो सुरात लागेना, उगाच बिघडवेन म्हणून सोडून दिला. तू आल्यावर लाव. आणि डग्ग्याची शाई, तो काळा गोल, एका कडेला सुटायला लागलीये असं वाटतंय, तूही एकदा बघ, तसंच असेल तर शनिवारी दुरुस्तीला घेऊन जाऊ, दोघं.

तुझा,
बाबा