सोनू, माझ्यासाठी थांबू नकोस

सोनू,

मोबाईलवर टाईप करतेय, चुका होतील, समजून घे. फोनच करणार होते पण रविवारी जे झालं त्यानंतर मला फोनवर नीट बोलता येईल असं वाटत नाही, मध्येच रडायला लागेन आणि मग तूच मला समजावत बसशील, आणि आत्ता तू कोणाला समजावत बसायचे दिवस नाहीयेत.

काल रात्री निखिलचा फोन आला होता. तुला सांगितलं नसेल त्याने, त्याच्यावर चिडू नकोस गं. तो म्हणाला की तू डॉक्टरांना मेसेज केलायस, जुळ्यांच्या बाळंतपणाची 36 आठवड्यांची तारीख दोन आठवडे पुढे नेता येईल का म्हणून. आणि का, तर आई म्हणाली म्हणून. हे ऐकल्यापासून डोळ्याला डोळा नाही. मी रविवारी जे बोलले ते सगळं मागे घेते. "एवढी काय घाई झालीये त्यांना, पोटात जितके दिवस राहतील तितकी अंगाने भरतील" असं मी म्हणाले ना, ते विसर. तू किती शांतपणे सांगत होतीस आणि मी तुला वाक्यसुद्धा पूर्ण करू दिलं नाही.

खरं तर एवढंच लिहायचं होतं. माफ कर आणि तारीख हलवू नकोस. पण मला माहितीये तू विचारणार की आई, एका रात्रीत तुझं मत कसं काय बदललं, म्हणून सांगते. सकाळी मी वैशालीला फोन केला. तिची हॉस्पिटलमधली नाईट ड्यूटी संपलेली, घरी चालली होती, बिचारीने गाडी बाजूला घेऊन मला पाऊण तास दिला. मी तिला आधी सुषमाचं उदाहरण दिलं, तुला दिलं होतं तेच, की तिची जुळी 38 पूर्ण होऊन झाली, दोन्ही ठणठणीत. ती म्हणाली, काकू, ओम आणि ऋचा ना? एक मुलगा आणि एक मुलगी, मग ती एकसारखी जुळी कशी असतील? ती दोन वेगळ्या बीजांची, प्रत्येकाची वार, म्हणजे प्लेसेंटा, वेगळी, त्यांचं गणितच वेगळं, त्यांनाही हल्ली 37 पूर्ण झाली की बाहेर आणायचं बघतात. मी गप्पच बसले. इतकी वर्षं त्या दोघांना बघतेय, वाढदिवसाला जातेय, आणि तुला त्यांचं उदाहरण देताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या उदाहरणावर तू तारीख बदलायला निघालीस.

तुझी दोघं एका वारेवर आहेत. हे तू मला तिसऱ्या महिन्यातच सांगितलं होतंस, मधला पडदा वारेला कसा चिकटलाय त्यावरून सोनोग्राफीत ओळखतात म्हणून, पिशव्या दोन पण वार एक. मी "हो का, बरं" म्हणून पुढे काहीतरी दुसरंच विचारलं. मला वाटलं वार एक म्हणजे दोन भावंडं एका खोलीत राहतात तसं काहीतरी. वैशाली म्हणाली तसं नाहीये काकू, त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, अशा जवळजवळ सगळ्याच जुळ्यांमध्ये असतात. याचं रक्त त्याच्यात आणि त्याचं याच्यात, रात्रंदिवस. बहुतेकांचं देणंघेणं सारखं राहतं. शंभरात दहा-पंधरा जणींमध्ये ते बिघडतं, एकाच्या भोवतीचं पाणी आटतं आणि दुसऱ्याचं वाढत जातं, आणि ते जास्त करून 16 ते 26 आठवड्यांत होतं, म्हणून तुला 16 पासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफीला बोलवत होते. आणि मी म्हणायचे सारखी सारखी कसली सोनोग्राफी.

ती तुझी वही मी बघितलीये, तुला माहीत नाही. मागच्या वेळी आले होते तेव्हा टेबलावर उघडी होती. प्रत्येक तारखेपुढे दोघांचं वजन, दोघांच्या पाण्याचा सेंटीमीटरमधला आकडा, 2 च्या खाली गेला तर लाल आणि 8 च्या वर गेला तर लाल असं वर लिहिलेलं, आणि एकही लाल खूण नव्हती. मी ती वही बंद करून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. शाळेत असताना तुझ्या वह्या कशा असायच्या ते मला आठवतं, आणि तीच मुलगी आता दोन जिवांचा असा हिशेब ठेवतेय. तेव्हाच सांगायला हवं होतं की मला तुझा किती अभिमान वाटला. नाही सांगितलं.

पण 26 आठवडे पार पडले म्हणून त्या वाहिन्या काही बंद होत नाहीत सोनू. शेवटच्या दिवसापर्यंत उघड्याच असतात. पुढचं लिहू का नको असं तीनदा झालं माझं, खोडलं आणि परत लिहिलं, तुला हे माझ्याआधीपासून माहीत आहे हे कळतंय मला. एकाला अचानक काही झालं तर दुसऱ्याचं रक्त त्या बाजूला ओढलं जातं, काही मिनिटांत, आणि दुसऱ्याच्याही जिवाला आणि मेंदूला धोका होतो, आणि आपल्याला कळेपर्यंत ते होऊन गेलेलं असतं, मग धावतपळत सीझर करून उपयोग होईलच असं नाही. वेगळ्या वारेच्या जुळ्यांत दुसऱ्याला हा धोका इतका नसतो. म्हणून रिपोर्ट सगळे चांगले असले तरी हे डॉक्टर लोक 36 नंतर थांबायला तयार नसतात. मी याला घाई म्हणत होते.

आता परत तारखेवर आले बघ. नव्हतं यायचं.

वैशालीने आणखी एक सांगितलं ते लिहिते, म्हणजे हे तुझ्या डॉक्टरांच्या एकट्याच्या मनातलं नाही हे कळेल. 2016 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, जगभरातले 32 अभ्यास एकत्र करून, 35 हजारांहून जास्त जुळी गरोदरपणं, त्यातली साडेपाच हजारांच्या आसपास एका वारेची. प्रत्येक आठवड्याला त्यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या, पोटात ठेवलं तर बाळ आतच जायची भीती किती आणि बाहेर काढलं तर जन्मल्यावर जायची भीती किती. एका वारेच्या जुळ्यांसाठी त्यांचं उत्तर 36 च्या आसपास आलं. 36 च्या आधी उगाच काढा असंही नाही म्हणाले, तसा पुरावा नाही म्हणाले. उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2019 मध्ये हेच सांगितलं, सगळं ठीक असेल तर 36 पूर्ण. तू म्हणशील अमेरिकेत 37 आठवडे 6 दिवसांपर्यंत चालतं, हो, तिकडे 34 पासून तिथपर्यंत मोकळीक ठेवलीये, त्यात कुठे बसायचं ते तू आणि डॉक्टर बोलून ठरवा, त्यात मी नाही. पण तू मागितलेले दोन आठवडे म्हणजे 38 होतात. 38 दोन्हीकडे नाहीये. 38 फक्त माझ्या तोंडात होतं.

आता मी तसं का बोलले ते. तुला तुझ्या जन्माची गोष्ट माहितीये पण मी तुला ती नेहमी छोटी करून सांगितलीये.

तू 33 व्या आठवड्यात झालीस. दुपारी कळा सुरू झाल्या आणि चार तासांत तू. फुफ्फुसं लवकर पिकावीत म्हणून आईला देतात ते इंजेक्शन द्यायलाही वेळ मिळाला नाही. न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांनी 1972 मध्ये दाखवून दिलं होतं की ते दिल्याने बाळं वाचतात, म्हणजे तू व्हायच्या 22 वर्षं आधी, पण ते अंगात भिनायला दिवसभर तरी लागतो आणि आपल्याकडे चारच तास होते. 1 किलो 650 ग्रॅम. तुला माझ्याजवळ दिलंच नाही, नुसती दाखवली आणि नेली. मग 19 दिवस काचेची पेटी. त्या पेटीला गोल झरोका असतो, त्यातून हात घालून मी तुझ्या पायाच्या तळव्याला बोट लावून उभी राहायचे, तेवढीच जागा मोकळी होती, बाकी सगळीकडे वायरी आणि नळ्या. तुझे बाबा काचेबाहेर उभं राहून तुझे श्वास मोजायचे. मध्येच तू श्वास घ्यायची थांबायचीस आणि यंत्र वाजायचं आणि नर्स येऊन तुझ्या पायावर टिचकी मारायची आणि तू परत सुरू व्हायचीस. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. आजही कुठल्या यंत्राचा तसा आवाज आला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

आणि ती ट्रंक. त्या दिवशी सकाळी मी माळ्यावरची ट्रंक एकटीने ओढून खाली घेतली होती. आजपर्यंत हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. ती ट्रंक आता आपल्याकडे का नाहीये असं तू एकदा विचारलं होतंस.

तर ते 19 दिवस माझ्यात इतके भिनलेत की बाळ जितके दिवस आत तितकं बरं, याच्यापुढे माझं डोकं जातच नाही. तुझ्या तोंडून 36 ऐकलं आणि मला ती पेटीच दिसली. तू 36 म्हणत होतीस आणि मी 33 ऐकत होते. त्यात तीन आठवड्यांचा फरक आहे आणि तो फार मोठा फरक आहे असं वैशाली म्हणाली, ती रोज तीच बाळं बघते. 36 ची बाळं बहुतेक स्वतः श्वास घेतात, काहींना पहिले काही तास धाप लागते, साखर कमी होते म्हणून टाचेतून टोचून तपासत राहतात, कावीळ होते मग निळ्या लाईटखाली ठेवतात, चोखायला आळस करतात, दोन घोट घेऊन झोपतात. काही दिवस आत ठेवावं लागेलही कदाचित. ते झालं तर घाबरू नकोस. तिथे मी तुझ्या कामाची आहे सोनू. झोपाळू बाळाला कसं जागं करायचं, दूध काढून कसं पाजायचं, आईला जवळ घेऊ देत नाहीत तेव्हा काय करायचं, हे सगळं मला येतं. बाकी माझं काही ऐकू नकोस पण ते ऐक.

ते इंजेक्शन तुला द्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचार. दोन डोस, चोवीस तासांच्या अंतराने देतात बहुतेक. त्याने बाळांची साखर थोडा वेळ कमी होऊ शकते म्हणे, म्हणून 36 च्या आसपास ते विचार करून देतात. नॉर्मल का सीझर यात मी पडणार नाही, पहिल्याचं डोकं खाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर नॉर्मलही करतात असं वैशाली म्हणाली, एवढंच सांगून ठेवते.

आणि बॅग आत्ताच भरून ठेव. शंभरात साठेक जुळी 37 च्या आत आपणहूनच येतात, तुमची तारीख त्यांना माहीत नसते. हालचाल कमी वाटली, नेहमीसारखी नाही वाटली, तर सकाळची वाट बघू नकोस, पाणी पिऊन कुशीवर पडून बघते, झोपली असतील, असलं काही नको, रात्री दोन वाजले असले तरी निखिलला उठव आणि जा. उगाच आलो असं वाटलं तरी चालेल. डोकं दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, हाताला खाज सुटली तरी सांग. आणि मध्येच त्यांनी वजनात फरक पडतोय किंवा तुझं बीपी वाढतंय म्हणून 36 च्याही आधी म्हटलं तर तेव्हाही आईला काय वाटेल हा विचार मनात आणू नकोस, आणि कोणाचं

बघ, मी परत सुरू झाले. माफी मागायला बसले आणि पानभर सूचना दिल्या. तुला हे सगळं येतं. तुझ्या वहीच्या मागच्या पानावर ही सगळी यादी होती, माझ्यापेक्षा नीट लिहिलेली.

गुरुवारी सोनोग्राफीला मी यायचं का ते तू ठरव. आले तर बाहेर बसेन, आत काही बोलणार नाही, डॉक्टरांना एकही प्रश्न विचारणार नाही. नको असेल तर नको म्हण, मला राग येणार नाही, म्हणजे येईल थोडा पण तो मी बाबांवर काढेन, त्यांना सवय आहे. ते पण तुझी काळजी करतायत, बोलत नाहीत एवढंच. आज सकाळपासून दोनदा विचारून झालं, सोनूचे 34 पूर्ण झाले का गं. मी सांगितलं काल झाले.

मागच्या सोनोग्राफीत 2 किलो 100 आणि 1 किलो 900 ना? तू तेव्हा होतीस 1650. आणि ही दोघं अजून दोन आठवडे आत आहेत. हे मी सकाळपासून सारखं मनात म्हणतेय.

डॉक्टरांना तारीख तीच ठेवा असा दुसरा मेसेज आजच कर, गुरुवारपर्यंत थांबू नकोस. आणि केलास की मला नुसतं "केला" लिही, बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

आई

ता.क. बाबा म्हणतायत ट्रंकेचं त्यांना माहीत होतं. त्यांनीच ती देऊन टाकली होती. मी पत्र त्यांना वाचून दाखवत होते तेव्हा म्हणाले. पुढचं भेटल्यावर बोलू. मेसेज केलास का?