गुणसूत्रं जास्त म्हणजे प्रगत, हे कुठून आलं?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या विद्यार्थी पानावर गुणसूत्रांचा (म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांचा) तक्ता आला होता, माणूस 46, कांदा 16 वगैरे. आकडे बरोबर आहेत, पण खाली जे लिहिलंय की सजीव जितका प्रगत तितकी गुणसूत्रं जास्त, ते साफ चूक आहे. कांद्याचंच घ्या ना, गुणसूत्रं फक्त 16 पण डीएनए आपल्या पाचपट!

याहून भारी उदाहरण डकवीडचं. साचलेल्या पाण्यावर हिरव्या टिकल्यांचा थर असतो बघा, लोक शेवाळ म्हणून सोडून देतात, पण ती चक्क फुलं येणारी वनस्पती आहे. त्यातली स्पायरोडेला जरा मोठी, नखाएवढी, खाली मुळांचा झुपका. लेम्नाला एकच मूळ. आणि वुल्फिया म्हणजे रव्याचा कण, मूळच नाही, जगातली सगळ्यात छोटी फुलझाडं हीच. आता गंमत अशी की शरीर लहान होत जातं तसा डीएनए साधारण वाढत जातो! 2011 मध्ये मोजणी झाली तेव्हा स्पायरोडेलाचा जीनोम, म्हणजे एका संचातला सगळा डीएनए, जेमतेम 15-16 कोटी अक्षरांचा निघाला आणि वुल्फिया अऱ्हायझाचा 188 कोटींचा, म्हणजे जवळपास बारापट. याचा अर्थ जनुकं बारापट असा अजिबात नाही, यात मोठा वाटा त्याच त्याच डीएनएच्या कॉप्यांचा असतो.

बरं एका जातीच्या गुणसूत्रांचा एकच आकडा असतो असंही नाही. लेम्नात 42 वाले नमुने सापडतात तसे 63 वाले पण, कारण 21 गुणसूत्रांचे संचच दोनाऐवजी तीन. बी धरायची फारशी गरजच नाही, टिकलीतून टिकली फुटते, त्यामुळे असा विषम संच पण आरामात टिकतो. त्यात ही गुणसूत्रं मायक्रोस्कोपखाली नुसती ठिपक्यांसारखी दिसतात आणि जाती ओळखण्यातही घोळ, म्हणून जुन्या नोंदींत या कुळाचे आकडे 20 पासून 126 पर्यंत पसरलेत. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कांद्याचं मूळ उगाच नाही घेत, त्याची गुणसूत्रं चांगली लांबलचक दिसतात, वुल्फियाला तर घ्यायला मूळच नाही.

ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करा ही विनंती, पोरं तेच पाठ करून परीक्षेत लिहितात. आणि जमलं तर तक्त्यात गुणसूत्रांच्या शेजारी डीएनए किती याचा एक कॉलम वाढवा, कांद्यापासूनच सुरुवात करा.

— एक वाचक