जुन्या मोटारींचे गचके आणि वजनाची जागा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील जुन्या मोटारींवरील लेख आवडला. मात्र मोटारीचा प्रवास सुखाचा झाल्याचे सारे श्रेय त्यात हवेचे टायर आणि मऊ स्प्रिंगा यांना दिले आहे, ते अपुरे वाटते. गाडीतले वजन कुठे बसवले आहे हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा होता, आणि त्याचे उत्तर सर्वसाधारण मोटारींपर्यंत पोहोचायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

१९३० च्या सुमारास बहुतेक गाड्यांचे इंजिन पुढच्या ॲक्सलच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मागे असे आणि मागची बैठक जवळपास मागच्या ॲक्सलवरच. साहजिकच चाकाला बसलेला हादरा थेट मागच्या प्रवाशाच्या पाठीत जाई. शिवाय पुढचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मुद्दाम ताठ ठेवावे लागत, कारण ते मऊ केले की अखंड ॲक्सलवरची पुढची चाके वेगात थरथरू लागत. मग उंचवटा ओलांडताना पुढचा भाग झटकन उसळे, मागचा सावकाश, आणि गाडी किती तरी वेळ नाक वरखाली करत राही. पोटात ढवळते ते याच हालचालीने.

रोल्स-रॉईसमधून १९३० मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागाकडे आलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी याचा छडा लावला. त्यांनी एका मोठ्या गाडीच्या पुढे आणि मागे सरकवता येणारी वजने लावली, स्प्रिंगाही बदलत नेल्या आणि गाडी प्रत्यक्ष चालवून पाहिली. टोकांना भरलेली भांडी असलेली कावड जशी चटकन गिरकी घेत नाही, तशी वजन टोकांकडे नेलेली गाडीही चटकन डोलत नाही, हे त्यातून दिसले. त्याहून मोलाचे म्हणजे, पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर उशिरा उसळलेला मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहते. मऊ स्प्रिंगांसाठी पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र असावी लागतात. जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांत ती दिली.

त्याच वर्षी आलेल्या क्रायस्लर एअरफ्लोमध्ये इंजिन पुढच्या ॲक्सलवर सरकवले होते, मागची बैठक मागच्या ॲक्सलच्या पुढे आणली होती, आणि निम्म्याहून अधिक वजन पुढच्या चाकांवर होते. लोकांना तिचे रूप रुचले नाही, १९३७ नंतर ती बंद झाली, आणि आजही चर्चा होते ती तिच्या आकाराचीच. हा तिच्या अभियंत्यांवर अन्याय आहे.

यापुढे अशा गाड्यांची छायाचित्रे छापताना इंजिन आणि मागची बैठक ॲक्सलच्या कोणत्या बाजूला आहे, हे दाखवणारी साधी आकृतीही सोबत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर