तुझ्या शेडसाठी एक माणूस

प्रिय मित्रा,

तुरुंगातून सुटणाऱ्या एका माणसाला तुझ्या शेडमध्ये कामावर घे, असं मी लिहिलं होतं, त्यावर तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण शेवटची ओळ आठवडाभर डोक्यातून जात नाहीये: 'घरफोडी केलेल्या माणसाला शेडमध्ये घेऊ म्हणतोस?' तू हे उगाच लिहिलेलं नाहीस. तुझी शेड फोडली त्या पहाटे मी तुझ्याबरोबर होतो. केबलचं तांबं, दोन ग्राइंडर आणि नवंकोरं वेल्डिंग मशीन गेलं, आणि त्या गेलेल्या मशीनचे हप्ते तू पुढे दीड वर्ष भरलेस. त्यामुळे 'मन मोठं कर' असं तुला सांगायला माझी जीभ रेटणार नाही. तीन वर्षं तुरुंगात शिकवायला जातोय, तिथे जे पाहिलं तेवढंच लिहितो. मग तू ठरव.

मी शिकवतो म्हणजे लिहायला, वाचायला आणि जरा हिशेब. वर्गात वीस-बावीस जण असतात. तुला ज्याच्याबद्दल लिहिलं, तो पहिल्या दिवशी आला आणि दारात उभा राहिला. दार सताड उघडं होतं. मी 'या' म्हणेपर्यंत तो आत आला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, काय अदब आहे! पुढे महिनाभराने त्याच्याच बोलण्यातून कळलं की सहा वर्षांत त्याने एकही दार स्वतःच्या हाताने ढकललेलं नव्हतं. कधी उठायचं, कधी जेवायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं दुसरा ठरवणार. कोंडून ठेवण्याचं दुःख आपल्याला बाहेरून कळतं. पण स्वतःहून काही ठरवायची सवयच मोडते, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. आणि मग अशा माणसाला आपण एका सकाळी फाटकाबाहेर सोडतो आणि म्हणतो, आता सगळं तूच ठरव.

म्हणून मला तिथलं वेल्डिंगचं वर्कशॉप माझ्या वर्गापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. तू पाहायला हवंस. भिंतीवर फळा आहे, त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. पाना, हातोडी, काटकोन तपासायचा गुण्या, सगळं आपापल्या आकृतीवर टांगलेलं असतं, मोजून देतात आणि मोजून परत घेतात. एकदा हॅक्सॉचं ब्लेड तुटलं आणि बोटभर तुकडा सापडेना. तो मिळेपर्यंत कोणालाही हलता आलं नाही. सगळे गुडघ्यांवर बसून लोखंडाचा कीस चिवडत होते.

त्याच दिवशी आपल्या या माणसाने खिडकीची चौकट जोडली होती. मास्तरांनी गुण्या लावला, तर एक कोपरा सुताभर बाहेर. मास्तर काही बोलले नाहीत, गुण्या त्याच्या हातात देऊन पुढे गेले. तो चौकटीकडे बराच वेळ बघत राहिला. मग कोणी न सांगता त्याने वेल्डिंगचे टाके तोडले, कडा घासल्या आणि पुन्हा जोडायला घेतलं. चूक झाली, ती आपली आहे, ती दुरुस्त करता येते आणि तेही आपल्यालाच करायचंय, एवढं सगळं त्या अर्ध्या तासात झालं. उपदेशाने हे होताना मी पाहिलेलं नाही.

तुरुंगात चालतं ते सगळंच काम असं असतं असं मात्र समजू नकोस. दिवसभर पाकिटं चिकटवायला लावायची आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचं, असंही चालतं, आणि त्याचा मला संताप येतो. कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम आहेत. २०१५ मध्ये ते सुधारले आणि त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. त्यात स्वच्छ म्हटलंय की काम असं असावं, ज्याने सुटल्यावर प्रामाणिकपणे पोट भरायची क्षमता टिकेल किंवा वाढेल. निरक्षर कैद्यांचं शिक्षण तर सक्तीचं म्हटलंय. ब्राझीलमध्ये २०१२ पासून संघराज्याच्या तुरुंगांत पुस्तक वाचून त्यावर लिहून दिलं की शिक्षेतले चार दिवस कमी होतात, वर्षाला जास्तीत जास्त बारा पुस्तकं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, 'जाड पुस्तक असलं तरी चारच दिवस?' मला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला.

आता तुझा खरा प्रश्न: याने माणूस बदलतो का? अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने १९८० ते २०११ या काळातले अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये अहवाल काढला. तुरुंगात शिकलेल्यांपैकी परत गुन्ह्याकडे वळणाऱ्यांचं प्रमाण, न शिकलेल्यांपेक्षा शंभरामागे साधारण तेराने कमी होतं. शिक्षणावरच्या एका डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत तुरुंगाचाच चार ते पाच डॉलर खर्च वाचतो, असा त्यांचा हिशेब. तू लगेच म्हणशील, जो शिकायला येतो तो आधीच सुधारायच्या विचारात असतो. बरोबर आहे, थोडंफार तसं असणारच. आणि शिकूनही परत येणारे असतात. माझ्याच वर्गातला एकजण सुटला आणि पाच महिन्यांत परत आला. मी त्याच्याशी बोललो. कामासाठी अकरा ठिकाणी गेला होता. सगळीकडे गाडी एकाच प्रश्नावर अडली: 'मधली वर्षं कुठे होतास?'

मला हेच सांगायचंय रे. आतलं शिक्षण फाटकापर्यंत येऊन थांबतं. तिथून पुढे एखाद्याने बाहेरून हात द्यावा लागतो, नाहीतर आतली सगळी मेहनत पाण्यात. कॅलिफोर्नियात वणवे विझवायला कैद्यांच्या तुकड्या कित्येक दशकं जाताहेत. जीव धोक्यात घालून शिकलेलं काम, पण सुटल्यावर अग्निशमन दलात नोकरी मिळणं जवळजवळ अशक्य, कारण लागणारा परवाना पूर्वीच्या गुन्ह्यामुळे नाकारला जायचा. २०२० मध्ये कायदा करून ती वाट थोडी मोकळी करावी लागली. ज्या हाताने आग विझवायला शिकवलं, त्याच हाताने दार लावून घेतलं होतं.

उलट इंग्लंडमधली टिम्पसन कंपनी बघ. बूट दुरुस्ती आणि किल्ल्या बनवणं हा धंदा, आणि दहातला साधारण एक कामगार तुरुंगातून सुटून आलेला. लोकांच्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या हातांत! ती कंपनी चालवणारे जेम्स टिम्पसन २०२४ मध्ये तिथल्या सरकारात तुरुंगांचे मंत्री झाले.

मी तुझ्याकडे किल्ली मागत नाहीये. तीन महिने त्याला दिवसपाळीला, तुझ्या डोळ्यांसमोर ठेव. इतरांना देतोस तीच मजुरी दे. कमी देऊ नकोस, तो उपकार समजून गप्प राहील आणि आतून खचेल. राहायची सोय मी बघतो. पहिले दोन आठवडे मी रोज संध्याकाळी चक्कर मारेन. काम जमलं नाही तर काढून टाक, मी एका शब्दाने बोलणार नाही. ज्या घरात तो शिरला होता त्या लोकांचं काय, हेही तुझ्या मनात असेल. माझ्याही असतं. त्यांच्याबद्दल तो बोलतो तेव्हा खाली बघतो. त्याहून जास्त मी त्याच्या वतीने सांगणार नाही, तू स्वतः विचार.

त्याचा अर्ज सोबत पाठवतोय. अक्षर मोठं आहे, ओळी उतरत गेल्यात, पण शब्द न् शब्द त्याचा आहे. सुरुवातीलाच त्याने लिहिलंय, 'मी घरफोडी केली म्हणून सात वर्षे शिक्षा झाली.' मी म्हटलं, आधी काम काय येतं ते लिही, हे खाली घे. तो म्हणाला, 'नको सर. त्यांनी हे आधी वाचू दे. नंतर कळलं तर पुन्हा विश्वास बसायचा नाही.'

पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला सुटतोय. हो म्हणालास तर तेराला सकाळी त्याला घेऊन येतो. एक सांगून ठेवतो: तो शेडच्या दारात थांबून राहील. तुला वाटेल, लाजतोय. तसं नाही, 'ये' म्हण फक्त.

तुझाच,
जुना सोबती