आपल्या घराची भिंत

नीलमनगर, सोलापूर

चि. श्रावणीस,
अनेक आशीर्वाद.

शाळा बंद होत्या तेव्हा पोरं कशी शिकली यावर डी.एड.ला लिहून द्यायचंय, असं तू काल म्हणालीस आणि आपल्या भिंतींचं विचारलंस. मशीनच्या आवाजात फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मी शाळेचेच गणवेश शिवायचे, ते कामही थांबलं. घरात फोन एक, तोही पप्पांच्या खिशात. तासाची लिंक यायची तेव्हा पप्पा बाहेर. मग सरांनी घरोघर विचारून वस्तीतल्या सुमारे ३०० भिंती रंगवल्या. बाराखडी, पाढे, व्याकरण, दहावीपर्यंतची सूत्रं. आपल्या वाट्याला विरामचिन्हं आली. तुझं बीजगणित तीन गल्ल्या पलीकडे गेलं म्हणून तू रुसली होतीस.

पेपरवाले येऊन भिंतींचे फोटो काढून गेले. तू मात्र तुझ्या आजीचं, आपल्या अव्वाचंही लिही. ती दारात विड्या वळत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोराला थांबवून "म्हण" म्हणायची. तिला ना मराठी वाचता यायचं, ना तेलुगू. पण ऐकून ऐकून सगळं इतकं पाठ झालं होतं, की कुणी उद्गारचिन्ह गाळलं तर मांडीवरचं सूप बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. समोरच्या काकू पाढे घ्यायच्या. तू खडूने गोल आखून तिसरी-चौथीची पोरं लांब लांब उभी करायचीस. तू बाई झालीस ती तिथंच, असं मला वाटतं.

आणि हेही लिही, की सगळे टिकले नाहीत. तुझ्या वर्गातला मागच्या गल्लीतला मुलगा मागावर कामाला लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग भरले, तो आलाच नाही. रोज आपल्याच भिंतीसमोरून जायचा गं. आम्ही लहानांना अडवत होतो. तो अंगाने मोठा, कमावता, म्हणून त्याला कुणी "म्हण" म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. ते अजून सलतं. सरावपाठाच्या वर्गात हजेरीला नाव असेल आणि पोर दिसत नसेल, तर त्याच्या घरी जाऊन ये.

दिवाळीला पप्पांनी भिंतीला नवा रंग दिला. दाराजवळ अव्वा टेकून बसायची तेवढा तुकडा मी तसाच ठेवायला लावला. स्वल्पविराम आणि अर्धविराम अजून स्पष्ट दिसतात. फोटो काढून पाठवते.

तुझी,
आई