‘स्थितप्रज्ञ’ म्हणजे ढिम्म नव्हे

संपादक महोदय,

तक्रारींना दाद न देणाऱ्या अधिकाऱ्यांना बातम्यांमधून सर्रास ‘स्थितप्रज्ञ’ म्हटलं जातं. नागरिक टाहो फोडताहेत आणि अधिकारी मात्र स्थितप्रज्ञ! वाचताना जिवाला लागतं. अशा माणसासाठी मराठीत ‘ढिम्म’, ‘निगरगट्ट’, ‘बेफिकीर’ असे नेमके शब्द आहेत की.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, 54व्या श्लोकात अर्जुन विचारतो: स्थितप्रज्ञ माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? किती व्यवहारी प्रश्न! उत्तर 72व्या श्लोकापर्यंत चालतं. दुःखात उद्विग्न न होणारा, सुखाची हाव न धरणारा, कासव अवयव आत घेतं तशी इंद्रियं आवरणारा. त्याला काही वाटतच नाही, असं तिथे म्हटलेलं नाही. आणि हे सगळं सांगितलंय ते हातपाय गाळून बसलेल्याला उभं करण्यासाठी.

मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते. अचानक रक्तस्राव वाढला की आमच्या मोठ्या सिस्टरांचा आवाज उलट खाली यायचा. डॉक्टरांच्या हातात चिमटा देता देता त्या गॉज मोजून घ्यायच्या, घाबरलेल्या नवख्या मुलीला नावाने हाक मारून काम सांगायच्या. नंतर नातेवाइकांशी बोलताना मात्र त्यांचेच डोळे भरून यायचे. त्यांच्यासाठी ‘स्थितप्रज्ञ’ हा शब्द मी बिनदिक्कत वापरेन. ‘शांत’ तिथे तोकडा पडतो, ‘निर्विकार’ तर चूकच.

मथळ्यात हा शब्द आला की आपल्या मुद्रितशोधकांनी तो एकदा तपासून पाहावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका